खिळा नाही, गोंद नाही!

यंदा सिंटरक्लासच्या सणाला कुणी कुणाला गुपचूप भेट द्यायची, त्या चिठ्ठ्यांत मला सासऱ्यांचं नाव आलं आणि मी बायकोच्या कानात सांगून टाकलं, "फेमके, या वेळी तुझे बाबा तोंडात बोट घालणार!"

सासरे, म्हणजे हार्मेन, जन्मभर सुतार. मी ठोकलेली फळी नुसत्या नजरेनं पडते, असं त्यांचं मत. अकरा वर्षांत तीन पडल्या, एवढंच!

म्हणून प्रथेप्रमाणे त्यांची भेट लपवायला मी पुठ्ठ्याचा हत्ती योजला. हत्तीत गेंडा, गेंड्यात अस्वल, अस्वलात ससा, सशात भेट; सगळे प्राणी खाचांनी एकमेकांत अडकलेले. हत्तीच्या पाठीतून बाहेर काढलेला सशाचा कान ओढला की अख्खा कळप सुटणार!

वाचनालयाच्या वर्कशॉपात पुठ्ठा कापायचं लेझर यंत्र सांभाळणाऱ्या लूसनं विचारलं, "पुठ्ठा मोजलास का?"

"तीन मिलिमीटर. वेष्टनावर छापलंय."

"आधी एक तुकडा कापून बघ की रे!"

"लूस, हे डिझाइन आहे. सुतारकाम नव्हे!"

पुठ्ठा चार मिलिमीटर निघाला, खाचा तीनच्याच. घरी गेंडा हत्तीत शिरेना, अस्वल गेंड्यात शिरेना. शेवटी मी रबरी हातोडा काढला. प्राणी बसले. माझा अंगठा सुजला.

पाच डिसेंबरला, सणाच्या संध्याकाळी सासऱ्यांनी प्रथेप्रमाणे भेटीसोबतची आपल्यावरची टोमण्यांची कविता मोठ्यानं वाचली आणि सशाचा कान ओढला. कान हातात आला. हत्तीबाहेर आलेलं गेंड्याचं शिंग ओढलं, टेबल सरकलं. मग सासूबाईंनी हत्तीचं डोकं धरलं, फेमकेनं शेपूट. हत्ती ढिम्म!

"कुणाचं हे काम?" सासरे धापा टाकत म्हणाले. सगळे छताकडे बघू लागले. करणाऱ्याचं नाव फोडायचं नसतं ना! "माझा खिशातला चाकू हरवला नसता, तर एका मिनिटात उघडलं असतं!"

"आत चाकूच आहे," मी बोलून गेलो.

सासऱ्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. फेमके पाव कापायची सुरी घेऊन धावली.

"थांब!" सासरे ओरडले. "अकरा वर्षांत जावईबापूंनी केलेली ही पहिली वस्तू, जी सुटली नाही. खबरदार कुणी हात लावाल तर!"

हत्ती आता त्यांच्या खिडकीत उभा असतो, रस्त्याकडे तोंड करून. "जावयाचं काम!" ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मला इतका आनंद झाला की विचारू नका. कुणी विचारलंच, तर सांगतो की डिझाइनच तसं होतं.

फक्त सफरचंद कापायची वेळ आली की सासरे चाकूसाठी खिसे चाचपतात. तेवढा वेळ मी हत्तीकडे बघत नाही.