सरलाबाईंची प्रमाणित लाळग्रंथी

सारंगखेड्याच्या सरलाबाईंच्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज आली आणि घास तोंडात घेतला की तिथे ठणका उठू लागला. ताट समोर आले की त्यांना रडू यायचे. शेवटी नवरा चुनीलाल केळीला पाणी देणे सोडून त्यांना दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर उमाकांतांनी जबड्याखाली गार जेली लावून सोनोग्राफी केली आणि लाळेच्या ग्रंथीची लांबी-रुंदी सांगितली. औषध मात्र लिहिले नाही. ग्रंथी सुजली म्हणायचे तर न सुजलेली केवढी असते हे आधी ठरलेले हवे, आणि पुस्तकातली मापे परमुलखातल्या माणसांची होती. नंदुरबार जिल्ह्याचे स्वतःचे माप ठरवण्याचे अभियान नुकतेच सुरू झाले होते. ते माप मंजूर होईपर्यंत जिल्ह्यात कोणाचीही ग्रंथी सुजलेली धरता येणार नव्हती.

"माले मापनं काय करनं शे, डॉक्टर?" सरलाबाई म्हणाल्या. "जेवाले बसनू का आठे ठणकस. तेवढं बरं करा."

"बरं करायला आधी आजार हवा, काकू," डॉक्टर समजुतीने म्हणाले आणि महिन्याने यायला सांगितले.

अभियानाला निरोगी माणसे हवी होती. पण ती शेतात राबत होती, नाहीतर कामाला गुजरातेत गेली होती, आणि धडधाकट असताना दवाखान्याची पायरी चढायची हौस कोणालाच नव्हती. येत होते ते गाल धरूनच. डॉक्टरांनी अडचण वर कळवली. वरून खुलासा आला की, ज्यांची ग्रंथी सुजल्याचे सिद्ध झालेले नाही ते सर्व निरोगी समजावेत. माप ठरलेले नसल्याने सिद्ध कोणाचेच झाले नव्हते. त्यामुळे गाल धरून बसलेले सगळे एका दुपारी निरोगी झाले आणि सरासरी काढण्यात आली. ती सरलाबाईंच्या ग्रंथीशी तंतोतंत जुळली.

महिन्याने दोघे आले, तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. सरलाबाई आता जिल्ह्याचा प्रमाणित नमुना होत्या. त्यांना शाल पांघरण्यात आली, पेढा भरवण्यात आला. पेढ्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ते आनंदाचे धरण्यात आले. त्यांनी हात जोडून पुन्हा औषध मागितले, तसे डॉक्टर घाबरले.

"काकू, तुमची सूज उतरली तर माप उतरेल. मग अख्खा जिल्हा आजारी पडेल."

चुनीलालचा पारा चढला. "नॉर्मल शे तं ती रडस कसाले?"

डॉक्टरांनी त्याच्या सपाट जबड्याकडे पाहिले आणि जेलीची बाटली उचलली. त्याची ग्रंथी प्रमाणाच्या निम्मीही भरली नाही. त्याला तातडीने भरती करून घेतले. ग्रंथी मापाला येईपर्यंत त्याला दिवसभर लिंबू चोखायचे आहे.

नॉर्मल माणसाने रुग्णाची सेवा करावी, म्हणून सरलाबाई त्याच्या खाटेशी बसून लिंबे कापतात. लिंबू पाहून तोंडाला पाणी सुटते आणि जबडा ठणकतो. पण आता त्या ओरडत नाहीत, कारण त्यांना काही झालेले नाही.

हे वाचताना तुम्हीही जबड्याखाली चाचपून पाहिले असेल, आणि हाताला काही लागले नाही म्हणून हायसे वाटले असेल. हाताला काही न लागणे हेच या विकाराचे पहिले लक्षण आहे. उद्या सकाळी या. लिंबू घरूनच आणा.