खरं सोयाबीन

रस्ता रुंद झाला की माणसाला घाई होते. अरुंद होता तेव्हा हीच माणसं, याच गाड्यांवर, पुढं काही काम नसताना निवांत जात होती. हिंगणीकडचा आमचा रस्ता सिमेंटचा आणि दुप्पट रुंद झाला, आणि दुसऱ्याच दिवसापासून सगळ्या गावांना उशीर होऊ लागला.

अडचण झाली ती फक्त कोकिळाबाईंची. घर रस्त्याच्या अल्याड, म्हैस पल्याड. आधी त्या रस्त्याच्या मधोमध थांबून पदर नीट करायच्या. आता पल्याडून म्हैस रेकायची, अल्याडून बाई तिची समजूत घालायच्या, आणि मधून गाड्या जायच्या.

खात्यानं तातडीनं उपाय केले. (तातडीनं म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात.) 'वेग तीस' अशी पाटी लागली, तिला टेकून लोक फोनवर बोलू लागले. गतिरोधक टाकला, त्याच्या कडेनं मोटारसायकलींनी मातीतून वाट काढली, ती जिल्ह्यातली सर्वात गुळगुळीत वाट आहे. मग पांढऱ्या पट्ट्या मारून लेन पाडल्या. लोकांनी लेनची शिस्त मनापासून पाळली: प्रत्येकानं पट्टी बरोबर आपल्या गाडीच्या पोटाखाली धरली, म्हणजे दोन्ही लेनवर अन्याय नको.

तेवढ्यात सोयाबीन निघालं. कोकिळाबाईंनी ते अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलं, कडेनं धोंडे मांडले आणि शेजारी स्वतः बसल्या. चमत्कार झाला. ट्रक हळू झाले. ज्यांना इंडिकेटर आहे हे ठाऊक नव्हतं, त्यांनी तो लावला. बाई रमतगमत पल्याड गेल्या, म्हैस दुहून आल्या.

पाहणीला उपअभियंता कैलाससाहेब आले.

"काऊन बाई, रस्ता काय तुमचं आंगन हाय?"

"आंगनातच तं रस्ता आला न जी साहेब. मी कुठं गेलती?"

साहेबांनी अभ्यास केला. निष्कर्ष: वेग कमी होतो तो पिवळ्या रंगामुळं. (धोंडे आणि कोकिळाबाईंचं तोंड हे घटक अहवालात घेतले नाहीत.) त्यानुसार सोयाबीन हे अतिक्रमण म्हणून उचललं आणि त्याच जागी, त्याच मापाचा पिवळा रंग मारला.

पहिल्या दिवशी सगळे थांबले. एकानं उतरून बोट लावून पाहिलं. संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या सेलूलाही कळलं की नुसता रंग आहे. म्हैस पुन्हा रेकू लागली.

पुढच्या हंगामात कोकिळाबाईंनी सोयाबीन, या खेपेला धोंड्यांशिवाय, नेमकं त्या पिवळ्या चौकोनात घातलं. "सरकारनं जागा आखून देली," त्या नवऱ्याला, रूपरावांना म्हणाल्या, "मान ठेवा लागते न."

दुपारी साहेबांची जीप आली. ड्रायव्हर प्रफुल्ल म्हणाला, "साहेब, दाणे दिसून राह्यले."

"अरे चाल बे, रंग हाय थो. मीच मारला."

जीप दाण्यांवरून घसरून गोल फिरली, आली त्या दिशेला तोंड करून शेणखताच्या ढिगात शिरली आणि अत्यंत शिस्तीत उभी राहिली. (त्या रस्त्यावर लेनच्या बाहेर इतकी व्यवस्थित उभी केलेली ही पहिलीच गाडी.) कोकिळाबाई धावल्या.

"लागलं तं नाई न?"

"नाई," साहेब आतून म्हणाले.

"तुमाले नाई इचारलं जी, दाण्याले म्हणून राह्यली."

झाल्या प्रकाराची गंभीर दखल घेऊन खात्यानं नवी पाटी लावली: 'सावधान! पुढे खरं सोयाबीन आहे.' पाटी बारमाही आहे, सोयाबीन नसलं तरी. आणि गाड्या बारमाही हळू होतात. कुणी जोखीम घेत नाही. कोकिळाबाई आता पुन्हा मधोमध थांबून पदर नीट करतात.

तुम्हीही मागं इकडून गेलात तेव्हा त्या पाटीपाशी ब्रेक दाबलात, काच खाली करून दाणेही शोधलेत. त्याच्या थोडं अलीकडं शाळा लागली होती. तिथल्या पाटीवर दप्तर घेतलेल्या दोन पोरांचं चित्र होतं. तिथं तुमचा पाय ब्रेकवर नव्हता.

रागावत नाही कुणी. फक्त शाळेनं अर्ज केला होता, तो मंजूर झालाय. त्या पाटीवरची पोरं पुसून तिथंही सोयाबीनच काढतायत.