डॉक्टरबाईंची शुद्ध

एका रविवारी मी डॉक्टरबाईंना शुद्धीवर ठेवायचं ठरवलं. एवढंच. त्यावरून आज घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही.

डॉक्टरबाई म्हणजे आमच्या टीव्ही मालिकेत अंतराळयानावर असलेल्या शास्त्रज्ञ. त्यांचे संवाद मी लिहितो. (संवाद म्हणजे 'कॅप्टन, आता काय होणार?' हा एकच. तो झाला की त्या बेशुद्ध पडतात आणि कॅप्टन त्यांना उचलून नेतो. एवढ्या शिकलेल्या बाई, पण यानावर आल्यापासून स्वतःच्या पायांनी फारशा कुठे गेलेल्या नाहीत.) लोकांना ते आवडायचं आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग त्या रविवारी संध्याकाळी आमची लेक रडत घरी आली. खाली मुलांनी यान-यान खेळायला घेतलं होतं. ही एकटीच मुलगी, म्हणून तिला पार्किंगमध्ये बेशुद्ध करून ठेवलं. पुढे पोरांची राक्षसांशी लढाई अशी रंगली, की हिला वाचवायचं विसरून सगळे जेवायला घरी गेले. ही बिचारी नियम पाळत डोळे मिटून पडून राहिली.

"बाबा, ते तू लिहितोस हे मी आता कोणालाच सांगणार नाही," ती म्हणाली.

माझ्या लिखाणाचा अभिमान असणारी घरात ती एकटीच होती.

तेव्हा ठरलं, यान डॉक्टरबाई दुरुस्त करणार. बायको लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. तिने पाना कसा धरायचा इथपासून सगळं समजावलं. (मी तो उलटा धरला होता.) निर्मात्यांनी प्रसंग वाचला आणि एकच विचारलं, "मग कॅप्टन काय करणार?"

कॅप्टन म्हणजे मालिकेचा हिरो, त्याला रिकामं बसवून कसं चालेल? शेवटी तोडगा मीच सुचवला. घरी मात्र त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

तो भाग लागणार होता त्या दिवशी लेकीने खालच्या सगळ्या पोरांना बोलावून टीव्हीसमोर बसवलं. डॉक्टरबाई आल्या. हातात पाना, केस मोकळे, आणि हवाबंद यानात ते भुरुभुरु उडत होते.

"चालू यंत्राजवळ मोकळे केस?" बायको म्हणाली. "आमच्याकडे अशा माणसाला लगेच घरी पाठवतात."

पण यान वाचलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. लेक येऊन मला टेकून बसली आणि खरं सांगतो, मला भरून आलं. तेवढ्यात पडद्यावर कॅप्टन अंथरुणात दचकून उठून बसला. शेजारी डॉक्टरबाई पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या होत्या.

"कॅप्टन, वाईट स्वप्न पडलं का?"

पोरं खिदळायला लागली. लेक माझ्यापासून लांब सरकली.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "निदान स्वप्न तरी तिला पडू द्यायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी मी तिचं वाक्य निर्मात्यांना जसंच्या तसं ऐकवलं. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, फार मोठं बोलली पोरगी, हे मालिकेत यायलाच हवं.

आलं. कॅप्टनच्या तोंडी. आणि ते लिहून मीच दिलं.