तिच्यासाठी आणलेला स्टोव्ह

स्वयंपाकघरात आधी ‘फट्’ झालं, मग ‘फस्स्’, आणि भणभणणारा स्टोव्ह एकदम गप्प बसला.

मंजुळाबाई वेणी अर्धी टाकून धावली. सुकदेवराव पाटावर बसले होते. हातात चिमटा, चिमट्यात फुटलेलं वांगं, आणि स्टोव्हच्या तोंडात त्याच्या बिया.

“भरताचं वांगं स्टोव्हवर भाजतात का?”

“कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजतं, तर मशीनवर का भाजू नये?”

“पऱ्हाट्यांना बुजायला भोक नसतं.”

स्टोव्ह त्यांनी जळगावहून मुद्दाम आणला होता. ‘बायको मास्तरीण आहे, तिचे हाल नकोत,’ असं धुळ्याच्या त्या गल्लीत घरोघर सांगून झालं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चूल उकरून टाकली. मात्र स्टोव्हला हात त्यांनीच लावायचा. बायकांच्या हाती मशीन टिकत नाही म्हणे. रोज ते पंप मारत आणि पेपर उघडत. उरलेलं म्हणजे भाकरी, भाजी, भांडी, पाणी मंजुळाबाईकडे.

आज शाळेत तपासणीला दिपोटी साहेब येणार होते. तिची नेमणूक कायम व्हायची की नाही, ते आजच ठरणार होतं. घंटेनंतर पोचली, तर संपलंच.

“पिन मारा लवकर.”

“मारली. आतच मोडली.” सुकदेवरावांनी परसाच्या दारात पेपर अंथरून स्टोव्ह खोलायला घेतला.

तिने परसात तीन दगड मांडले, पऱ्हाट्या पेटवल्या आणि भाकऱ्या थापायला बसली. धुराने डोळे चुरचुरले. कुंपणापलीकडून शेजारच्या भिकुबाईने डोकावून आधी सुकदेवरावांकडे पाहिलं.

“भाऊ, सकायपाईन राबी ऱ्हायनात का?” मग मंजुळाबाईकडे वळून म्हणाली, “तुले काय वं माय, तुना घरमा मशीन शे.”

सुकदेवरावांनी कपाळ पुसलं. “चालायचंच, अक्का. ती नोकरी करते, तर आपणही घरात हातभार लावायला हवा.” मग बायकोला म्हणाले, “जरा चहा ठेव गं. डोकं चालत नाही माझं.”

तिने तिसरी भाकरी उतरवून त्याच दगडांवर चहा ठेवला, कप त्यांच्यापुढे आदळला, आणि सुगंधाचा हात धरून पळत सुटली. तिची पाच वर्षांची लेक तिच्याच शाळेत बिगरीच्या वर्गात होती.

फाटकाशी पोचल्या तेव्हा शिपाई घंटेखाली उभा होता. दिपोटींचा टांगा कोपऱ्यावर वळत होता. मंजुळाबाईने दम घेतला. पदराने गालावरची काजळी पुसली, तर ती पसरली. सुगंधाने आपल्या फ्रॉकच्या टोकाने ती हळूच टिपली.

“आई, स्टोव्ह तुझ्यासाठीच आणलाय ना?”

“हो गं.”

“मग बाबा तो तुला कधी देणार?”