गेंड्याचं तोंड कुणीकडे

वस्तुसंग्रहालयात लाखो वर्षांपूर्वीच्या महाकाय गेंड्याचा सांगाडा उभा राहिला. उद्घाटनाच्या सकाळी असं लक्षात आलं, की पुढच्या दरवाजाचा रंग अजून वाळलेला नाही. सबब मंत्रिमहोदय मागच्या दाराने येतील, असं ठरलं.

“म्हणजे साहेबांना आधी शेपूट दिसणार?” संचालकांचा चेहरा पडला.

“गेंडा फिरवता येणार नाही सर, दालन अरुंद आहे,” अभिरक्षक म्हणाले. सांगाडा त्यांनीच हाड न् हाड जुळवून उभा केला होता.

“अख्खा गेंडा कोण म्हणतंय? तोंड तेवढं फिरवा!”

अभिरक्षकांची बढती संचालकांच्या हातात होती. त्यांनी निमूटपणे कवटी उतरवून कमरेला बसवली आणि शेपटीचे मणके मानेला जोडले. फोटो झकास आले, बढतीही आली.

राहता राहिले पाय. ते उलट्या दिशेला बघत होते आणि लोक नको ते प्रश्न विचारू लागले. तेव्हा अभिरक्षकांच्या सहीने फलक लागला: ‘हा प्राणी मागे मागे चालत असे. आपण कुठे चाललो आहोत हे न दिसल्याने तो नामशेष झाला असावा.’ त्यातलं ‘असावा’ त्यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून घातलं होतं. पाठ्यपुस्तकवाल्यांनी ते जागेअभावी गाळलं.

पुढे अभिरक्षकांच्या लेकीने चाचणीत गेंड्याचं तोंड पुढे काढलं आणि ती विज्ञानात नापास झाली.

“बाबा, तुम्ही हाडं जोडत होतात तेव्हा मी तिथेच होते ना!” ती हमसून हमसून रडायला लागली.

“जा की शाळेत,” बायको कडाडली. “पोरीपेक्षा तो मेलेला गेंडा जास्त झाला का?”

ते गेले. बाईंनी शांतपणे पुस्तकातला धडा उघडून फलकाच्या मजकुराखाली छापलेल्या त्यांच्या सहीवर बोट ठेवलं. “पुस्तक चूक आहे असं लेखी द्या सर, आत्ता गुण वाढवते.”

लेखी म्हटल्यावर अभिरक्षकांना बढती आठवली आणि ते नमस्कार करून उठले. घरी येऊन ते लेकीजवळ बसले. आपल्याला लाज वाटतेय, हे त्यांना कळत होतं.

“बाळा, तुझंच बरोबर आहे. पण पेपरात पुस्तकातलंच काढायचं.”

लेकीने डोळे पुसले, वही ओढली आणि गेंड्याचं डोकं खोडून मागे काढलं. वार्षिक परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले.

तुम्ही हसताय, हसा. पण उद्या तुमच्या लेकीचा पेपर आहे. गेंडा आला, तर तिला डोकं कुठे काढायला सांगाल?