चार फिरत्या चाकांचं कपाट

कॅस्टर या विषयात ठाणे ते कल्याण या टापूत माझ्याइतका जाणकार माणूस तुम्हाला सापडणार नाही. आता तुम्ही विचाराल, कॅस्टर म्हणजे काय? कारखान्यातल्या ढकलगाडीखाली बसवतात ते छोटं चाक. पण नुसतं चाक म्हणू नका हो त्याला! वर टॉप प्लेट, तिच्याखाली छर्‍यांवर गरगर फिरणारी मान, म्हणजे स्विव्हल, त्याच्याखाली चिमट्यासारखा फोर्क, फोर्कात एक्सल आणि एक्सलवर चाक. ठाण्याच्या आमच्या कारखान्यात स्टोअरला लागलो त्या दिवशी मी एकाची मान बोटाने फिरवली, आणि बघतच बसलो. जेवणाची सुट्टी संपली, मी उपाशी राहिलो, पण डबा उघडायचं काही सुचलं नाही.

तर गोष्ट त्रेपन्न सालच्या श्रावणातली. आम्ही डोंबिवलीला हौसाबाईंच्या माडीवर भाड्याने राहत होतो. माहेरून आलेल्या सागवानी कपाटामागचा केर काढल्याशिवाय आमच्या उत्तराला सकाळचा चहा गोड लागत नसे. त्यामुळे रोज सहाला ते कपाट फळ्यांवरून खरखरत पुढे यायचं, खरखरत मागे जायचं, आणि खाली हौसाबाईंच्या चुलीवर माती पडायची. एक दिवस त्या वर आल्या.

"शिरीपाद, आता पुन्हा ह्याचा आवाज झाला तर जागा सोडायची. बोलले मी."

त्या काळी दुसरी जागा मिळवण्यापेक्षा दुसरी बायको मिळवणं सोपं होतं. उत्तरा दोन दिवस जेवली नाही. मी मात्र निर्धास्त. साहेबांना विचारून मोडीतले चार कॅस्टर आणले, शेजारच्या प्रभाकरला मदतीला घेतलं आणि रविवारी कपाटाला चाकं बसवून टाकली. चारही फिरती! सरळ चालणारी, न वळणारी चाकं मी हातात घेऊन परत ठेवली होती. ज्याला मान वळवता येत नाही ते काय चाक? ब्रेक मोडीत मिळाला नाही, पण कपाट थोडंच पळून जाणार होतं?

उत्तराने एक बोट लावलं आणि सहा माणसांनी जिन्यावरून चढवलेलं ते धूड हूं की चूं न करता सरकलं. तिने चक्क तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "अहो, पण मी इकडे ढकललं, ते तिकडे गेलं." मी तिला स्विव्हल समजावून सांगितलं. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि विषय राहिला.

मंगळवारी मंगळागौर होती. आमच्याकडची दुसरी. लांबच्या बायकांना परत जायचं म्हणून खेळ दुपारीच ठेवले होते. वर धिंगाणा होणार म्हणून हौसाबाईंना आग्रहाने बोलावून दाराशी पाटावर बसवलं. पाहुण्याला आवाज आवाज वाटत नाही, असा आमचा हिशेब. मी रजा घेऊन स्वयंपाकघरात वाटली डाळ राखत बसलो.

झिम्मा झाला, पिंगा झाला. मग माझ्या वासंतीमावशींनी पदर खोचला आणि फुगडीला उभ्या राहिल्या. वासंतीमावशी म्हणजे पावणेदोन मण ऐवज. फळ्या थडथड करू लागल्या. माडीला दाराकडे थोडा उतार आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आधी कपाट नुसतं थरथरलं. मग चारही चाकांनी एकदम मान वळवली आणि ते भिंत सोडून निघालं! बायका जिथल्या तिथे थिजल्या. एवढं मोठं कपाट, कुणी हात लावलेला नाही, कसला आवाज नाही, आणि संथपणे चालत येतंय. चौरंगावरच्या गौरीपाशी आलं. आता पत्रीसकट गौर जाते म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते गौरीला बगल देऊन थेट हौसाबाईंपुढे गेलं होतं. सतरंजीच्या काठाला अडलं, हिसक्याने त्याचं दार उघडलं आणि उत्तराची लग्नातली पैठणी हौसाबाईंच्या मांडीत पडली.

खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. चाकं मीच बसवली होती, तरीसुद्धा!

"गौरीनं ओटी भरली!" वासंतीमावशी म्हणाल्या आणि कपाटाला हळदकुंकू लावलं. मी पुढे होऊन टॉप प्लेटपासून सुरुवात केली, तर मावशींनी मला गप्प केलं. देवाधर्मात तुझं इंग्रजी नको म्हणाल्या. बायका एकेक करून कपाटाच्या पाया पडून गेल्या. उत्तरा पैठणीकडे बघत ओठ चावत उभी होती.

शेवटी आम्ही तिघंच उरलो. हौसाबाई उठल्या, कपाटापाशी वाकल्या आणि लुगड्याचा काठ सावरून खाली बघितलं.

"चारी चाकं फिरती लावलीस?" त्या म्हणाल्या. "मग सरळ कोण चालवणार ह्याला? दोन फिरती, दोन सरळ लावायची. आणि उभं केल्यावर चाकाखाली दगड. माजिवड्याला मिठागरावर बापाच्या गाड्या व्हत्या आमच्या. हा मधला आख, ही कडेची धाव. ही छर्‍यांवरची मान तेवढी नवी हाय. ती मात्र झकास हाय रे!" आणि बोटाने एक चाक हलवून त्या क्षणभर माझ्यासारख्याच बघत राहिल्या.

मी थक्क. आठ वर्षं ज्या चाकांशी माझा संसार, त्यांची आख्खी विद्या या बाईने वाकल्या वाकल्या सांगितली होती.

"हौसाबाई, आम्ही जागा कधी सोडू?" उत्तराने रडवेल्या आवाजात विचारलं.

"कशाला? आवाज झाला तर सोडायची बोलले व्हते. झाला का आवाज?" त्यांनी पैठणी उत्तराच्या हातात दिली. "ही ठेव. आणि त्या बायांना काय सांगू नको. माझ्या घरात गौर चालली म्हणतायत, म्हणू दे."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या पायाच पडलो. त्या दोन पायर्‍या उतरल्या आणि थांबल्या.

"शिरीपाद, तू ह्या चाकांच्याच कारखान्यात हायस ना? तिथं काय करतोस?"

आता हौसाबाईंशी खोटं कसं बोलणार?

"खोक्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवतो," मी म्हणालो.