सांबाराचा काना

हिंदी मुलखातल्या कुंडम या जंगलातल्या गावी निघण्याआधी सरोजिनीबाईंनी शहरातल्या घरी जाहीर करून टाकलं, "वीस आरोग्य कार्यकर्त्या एका दिवसात तयार करते. पाहूनच घ्या!" नवरा, अंबादास, दाढी करून राहिला होता. त्याने नुसती मान हलवली. पाच दिवसांनी मोठे डॉक्टर तपासणीला येणार होते. त्यांनी पसंत केलं तर बाई कायमच्या प्रशिक्षिका, नाहीतर पुन्हा लसींची रजिस्टरं.

बाईंनी हिंदीत झकास शिकवलं. सहा महिन्यांवरच्या बाळाला घट्ट खिचडी, चमचाभर तेल, "और ऊपर से जरा सा सांबार." वीस जणींनी निमूट लिहून घेतलं.

आता बाईंचं माहेर-सासर दोन्ही नागपूरकडचं. तिकडे घरोघरी कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. आणि कुंडमच्या जंगलात सांभर म्हणजे भलंथोरलं शिंगवालं हरीण!

तिसऱ्या दिवशी नर्मदा नावाची कार्यकर्ती धापा टाकत आली. मागे शिकारीची कुणकुण लागलेला वनरक्षक.

"दीदी, बच्चों की माँएँ पूछ रही हैं, सांभर मारेगा कौन?"

"मारायचं काहून?" बाईंच्या तोंडून मराठीच निसटलं. "अरे, मारना नहीं, बारीक काटना है. डंठल समेत."

वनरक्षकाने वही काढली. "मैडम, मिलेगा कहाँ से?"

"घर में उगाओ. मेरे यहाँ तो गमले में है."

"गमले में सांभर?" वनरक्षक मटकन खालीच बसला.

शेवटी बाईंनी डब्यातल्या पोह्यांवरचं हिरवं पान उचलून दाखवलं.

"ये तो धनिया है," नर्मदा म्हणाली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेले दोन दिवस त्या गावोगाव फिरल्या आणि सगळ्यांकडून एकच घोकून घेतलं: सांभर नाही, हरा धनिया.

डॉक्टर आले. विचारलं, "बच्चे को क्या खिलाना है?"

सगळ्या कार्यकर्त्या एका सुरात म्हणाल्या, "हरा धनिया!"

"और?"

सगळ्या बाईंकडे पाहू लागल्या. धनियाच्या धांदलीत खिचडी आणि तेल बहुतेकींच्या ध्यानातून गेलं होतं. समोर तपासणीला आलेल्या आयांच्या मांडीवर हडकुळी पोरं. बाईंना रडूच आलं.

तेवढ्यात नर्मदा हळूच म्हणाली, "गाढ़ी खिचड़ी साहब, चम्मच भर तेल. धनिया ना हो तो भी चलेगा."

डॉक्टरांनी शेरा मारला: प्रशिक्षण पुन्हा घ्यावे. मग नर्मदेकडे वळून म्हणाले, "इस बार आप सिखाइए. मैडम भी बैठेंगी."

बाई पहिल्या रांगेत बसल्या, आणि न समजलेला प्रत्येक शब्द त्यांनी विचारून लिहून घेतला.